स्कॅनरवरचं एकच बोट

तेव्हा तुमच्यापैकी कुणाच्या फोनला कॅमेरा होता का रे? आमच्यात कुणाच्याच नव्हता. आम्ही मानकोलीची पोरं पहिल्यांदा मत देऊन आलो आणि शाईचं बोट नेटवर प्रोफाइलला लावायचं म्हणून थेट सायबर कॅफे गाठला. म्हटलं, स्कॅनरवर बोटं ठेवू. कॅफेवाले खानभाई म्हणाले, "कांच पे स्याही लगेगी. एक उंगली रखो, बाकी सब वही लगा लो."

मग आमच्यातल्या प्रकाशचं बोट ठेवलं. कापडाच्या लूममध्ये सापडून त्याचं नख अर्धं गेलेलं. संध्याकाळपर्यंत आम्हा सगळ्यांच्या प्रोफाइलवर तेच बोट.

पुढे मी कशेळीला मुलगी बघायला गेलो. ती नेटवर आम्हा पोरांच्याच कम्युनिटीत, म्हणजे ग्रुपात होती, हे मला ठाऊक न्हवतं. पोह्यांची बशी देताना तिनं माझ्या बोटाकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "नख परत आलं वाटतं तुमचं."

आता तो कॅफे न्हाय, ती कम्युनिटी न्हाय, प्रकाशपण दुबईला. पण मत देऊन घरी आलो की बायको चहा ठेवायच्या आधी अजून म्हणते, "स्वतःचं बोट दाखवा."