उभा राहिलेला मुलगा

(रत्नागिरी. शनिवारची संध्याकाळ. निवृत्त शिक्षक सहदेव गुरुजी पडवीत बसलेत, वाचनालयाच्या हॉलची किल्ली मुठीत आवळून. समोर लेक दर्शना. दाराशी कमलाबाई.)

दर्शना : बाबा, किल्ली द्या. उद्या चारला पिक्चर आहे.

सहदेव : त्या रशियन माणसाचा दुसरा पिक्चर हॉलमध्ये लागणार नाही.

दर्शना : हॉल वाचनालयाचा आहे, तुमचा नाही.

सहदेव : अध्यक्ष मी आहे. लावायचाच असेल तर नवा अध्यक्ष बघा.

कमलाबाई : अहो, लेकीशी असा बोलतात काय? किती राबली ती. पावसवरनं, राजापुरातनं माणसं यायची हायत.

दर्शना : आई, थांब. बाबा, गेल्या रविवारी तुम्ही पिक्चर अर्धा टाकून उठलात, सगळ्यांदेखत. लोक विचारतात, गुरुजी रागावले काय? काय सांगू?

सहदेव : सांग, म्हातारा झालाय.

दर्शना : खरं सांगू? तुमच्या रशियाबद्दल वाकडा शब्द तुम्हाला खपत नाही. तो दिग्दर्शक तिथलाच. तिथल्या जुन्या राजवटीतली घराघरातली भीती त्याने दाखवली. तो काय खोटं बोलतोय?

सहदेव : मी खोटं म्हटलं?

दर्शना : मग अडवताय कशाला?

कमलाबाई : अगो, नको डिवचू त्यांना. लग्नात ह्यांच्या पेटीत कपडे कमी नि रशियाची पुस्तकं जास्त. राजापूरच्या स्टँडवर गाडी यायची म्हणे त्या पुस्तकांची. मराठीतली, चित्रांची.

दर्शना : मला तीच तर वाचून दाखवायचे बाबा. सगळी पोरं हसरी, गळ्यात लाल रुमाल. तेवढंच खरं मानायचं?

सहदेव : दर्शना, तुला कधी वर्गात उभं केलं?

दर्शना : म्हणजे?

सहदेव : साहेब तपासणीला आले की आमचे मास्तर ओरडायचे, "सवलतीवाले उभे राहा!" आम्ही बौद्धवाडीतली पोरं उठायचो. बाकीची वळून वळून बघायची. अभ्यासाचं नंतर. आधी आम्ही कोण ते कळायला हवं.

कमलाबाई : म्हणून तर ह्यांनी स्वतःच्या वर्गात कुणाला उभं केलंनी नाय. उत्तर येईना नि पोर उठून रडकुंडीला आलं, की ह्यांचं ठरलेलं, "खाली बस, बाळा. नाही सांगितलंस तरी चालेल." गुहागरच्या ह्यांच्या शाळेतली पोरं अजून नक्कल करतात. बसगुरुजी नाव पाडलं होतं!

सहदेव : रशियाच्या एका पुस्तकात वर्गाचं एक चित्र होतं. सगळी मुलं बसलेली. बाईसुद्धा त्यांच्यातच बसलेल्या. बाबासाहेबांनी शिका म्हटलं. पण वर्ग कसा असावा, ते मला त्या चित्राने शिकवलं. वाटलं, चला, जगात एक तरी देश आहे, जिथे पोरांना उभं करत नाहीत.

दर्शना : आणि पिक्चरमध्ये...

सहदेव : पिक्चरमध्ये तशीच बाई, तसाच वर्ग. पोराला उभं करते नि विचारते, बाप घरी काय बोलतो ते सांग. सगळा वर्ग वळून बघतो. तिथेच उठलो मी.

दर्शना : म्हणजे रागाने नाही?

सहदेव : राग कसला गो. लहानपणापासून जपलेलं चित्र होतं, ते गेलं. फार लागलं मला. अजून एक बघायची ताकद नाही.

दर्शना : बाबा, मला ठाऊकच नव्हतं. रद्द करते उद्याचा.

सहदेव : थांब. त्या पोराने पुढे काय केलंन?

दर्शना : सांगितलं त्याने. मग पोलीस त्याच्या वडलांना घेऊन गेले. परत आलेच नाहीत.

सहदेव : सांगितलंन म्हणजे शेवटी. वर्गात एकानेही त्याला बस म्हटलं नाही?

दर्शना : नाही.

सहदेव : ...धर ही किल्ली. लोकांनी बघायला हवं. मला फक्त दाराजवळची खुर्ची ठेव.

दर्शना : पुन्हा उठून जाणार?

सहदेव : हॉलभर माणसं असतात. त्या दिवशी अगदी ओठावर आलं होतं. ओरडलोच असतो.

दर्शना : कुणावर? त्या बाईवर?

सहदेव : त्या पोराला सांगायचं होतं गो. खाली बस, बाळा. नाही सांगितलंस तरी चालेल.