हात सोडला की अंधार

...नाही हो, दिवे गेले याचं मला दुःख नाही. दिवे जातातच. घरातले जातात, रस्त्यावरचे जातात, तसे गाडीचे गेले. माझी तक्रार एवढीच, की ते गेले कधी? तर अबोल्यात! बायकोशी बोलणं बंद असताना माणसाने घाट उतरू नये, हे खरं तर लायसन्सवरच छापायला पाहिजे.

आता तुम्ही विचाराल, अबोला कशावरून? तुम्हाला सांगतो, कशावरूनच नाही. बायको गाडी शिकली. रीतसर, क्लासला जाऊन, परीक्षा देऊन. आणि माझ्या ताईच्या घरी, चार माणसांत, तिने विचारलं, "परत जाताना मी चालवू का?" मी काय म्हणालो? मी म्हणालो, "चालव की. दिवसा, मोकळ्या मैदानात, मी शेजारी असताना." भावोजी हसले. ताई हसली. ती हसली नाही. झालं, तिथून जे बंद झालं ते निघायची वेळ झाली तरी बंदच.

आणि आमच्याकडे अबोल्याची एक पद्धत आहे. बोलायचं सगळं, पण आईमार्फत. "आई, तुमच्या मुलाला म्हणावं, ओला टॉवेल गादीवर टाकू नका." मी तिथेच, हाताच्या अंतरावर, टॉवेल माझ्याच हातात... तरी निरोप आईकडूनच येणार. बरं, आई निरोप जसाच्या तसा देईल तर शपथ. पदरचं घालते. "अरे, टॉवेल गादीवर टाकू नको म्हणते ती, आणि बरोबरच आहे तिचं, शाळेत असल्यापासून तू असाच." आणि जो पहिला थेट बोलला तो हरला. हा नियम कुणी केला कुणास ठाऊक, पण लग्नापासून पाळतोय आम्ही, आणि खोटं कशाला बोलू, दर वेळी मीच हरतो. या वेळी ठरवलं होतं, काही झालं तरी नाही.

तर बसायची व्यवस्था अशी, की आई पुढे माझ्या शेजारी, बायको मागे, पिशव्यांच्या ढिगाऱ्यात. घाट लागला, अंधार पडला, मी दिवे लावले, दोन वळणं झाली आणि... गेले. दोन्ही. एकदम. आई म्हणाली, "का रे, काटकसर का?"

मी चष्म्याच्या दुकानात नंबर तपासतो. दिवसभर लोकांना खुर्चीत बसवून विचारतो, "खालची ओळ दिसते का?" त्या वेळी मला ओळ काय, भिंतसुद्धा दिसेना. तुम्ही म्हणाल, मग थांबायचं. कुठे थांबायचं? एका बाजूला डोंगर, एका बाजूला दरी, फोनला रेंज नाही, आणि मागून येणाऱ्या ट्रकला काय स्वप्न पडणार आहे मी इथे उभा आहे म्हणून? मी हाताला लागेल ते दाबत सुटलो. वायपर सुरू झाले. रेडिओ लागला. आणि दाबता दाबता ती डिपरची दांडी आहे ना, समोरच्याला दिवा दाखवायची, ती ओढली गेली आणि लख्ख! सोडली... गेले. ओढली, आले. म्हणजे दिवे आहेत, चांगले ठणठणीत आहेत, फक्त हात सोडला की अंधार.

आता हिशोब बघा. उजवा हात दांडीला. डावा हात स्टिअरिंगला. मग गिअर कुणी टाकायचा? स्टिअरिंग सोडलं की दरी, हात सोडला की अंधार. देवाने माणसाला दोनच हात दिले, तेव्हा त्याच्या डोक्यात घाट नसणार.

"आई," मी म्हणालो, "तो दांडा मागे ओढ." आईने ओढला. हॅंडब्रेकचा. गाडीने असा काही हिसका दिला की मागच्या सगळ्या पिशव्या पुढे आल्या. मग मागून आवाज, अगदी शांत, "आई, तुमच्या मुलाला म्हणावं, त्या दांड्याला ब्रेक म्हणतात. क्लासमध्ये पहिल्याच दिवशी शिकवतात."

मी म्हणालो, "आई, तुझ्या सुनेला म्हणावं, एवढं शिकलीयस तर तिसरा टाक."

आई वळली, "अगं, तिसरा टाक म्हणतोय. घाबरलाय, पण कबूल करायचा नाही. वडिलांवर गेलाय."

"आई, म्हणावं, क्लच दाबलाय का?"

"अरे, क्लच दाबलायस का विचारते. दाबला नसशील तर दाब बाबा, तिच्याशी वाद नको."

हा पत्रव्यवहार होईपर्यंत उतारात मधेच एक चढ आलेला, गाडी थरथरतेय, आणि बंद! तिसऱ्याचा निरोप पोचला तेव्हा पहिल्याची गरज होती. मागे ट्रक हॉर्न देतोय, आई त्यालाही उत्तर देतेय.

आणि मग दोन सीटच्या मधून एक हात आला. घड्याळ घातलेला. गिअरच्या मुठीवर येऊन बसला. मी क्लच दाबला, हाताने पहिला टाकला. मग दुसरा. वळण आलं, मी पाय हलवायच्या आत हात तयार! नुसत्या इंजिनच्या आवाजावर! खोटं नाही सांगत, इतकी वर्षं ही गाडी चालवतोय, पण गिअर असा अलगद कधी पडला नाही. म्हणावंसं वाटलं, 'छान टाकतेस गं.' तीन शब्द. जिभेवर आले होते. पण बोललो की हरलो. आईमार्फत पाठवावेत, तर त्यात ती काय घालील याचा नेम नाही. गिळले. वाईट वाटलं मला, खरंच वाटलं.

तिकडे समोरून येणारा प्रत्येकजण मला शिव्या देतोय. का? तर मी डोळ्यांवर अपर मारतोय. एक टेम्पोवाला थांबून म्हणाला, "ओ, लोकांचे डोळे फोडता का?" मला म्हणाला! डोळे तपासणाऱ्याला! सांगणार काय त्याला... हात सोडला की अंधार. तेवढ्यात नाकाला खाज. आईला सांगितलं, तिने खाजवलं, वर म्हणाली, "लग्न होऊन इतकी वर्षं झाली, तरी नाक मीच खाजवतेय."

अर्ध्या घाटात पोलीस चौकी. आडवा बांबू. पोलिसाने आत टॉर्च मारला. स्टिअरिंगपाशी माझे दोन हात, गिअरवर तिसरा. बराच वेळ बघत राहिला. म्हणाला, "गाडी कोण चालवतंय?"

मी म्हणालो, "मी."

मागून आवाज, "मी."

आई म्हणाली, "दोघं मिळून, साहेब. मी फक्त निरोप देते."

"लायसन्स?" मी दिलं. त्याने उलटसुलट बघितलं. "हे संपलंय. गेल्या वर्षीच."

अहो, तिच्या लायसन्ससाठी आरटीओ ऑफिसात, लायसन्सच्याच खिडकीपुढे मी तिच्याशेजारी उभा होतो. वर तिलाच बजावत होतो, "तारीख नीट बघून घे, तुझं लक्ष नसतं." आणि तेव्हा माझं माझ्याच खिशात मरून पडलेलं!

"आणखी कुणाकडे आहे?" मागे पर्स उघडल्याचा आवाज झाला. नवं कोरं. पोलीस म्हणाला, "मॅडम, तुम्ही घ्या गाडी. इथे उभी ठेवलीत तर रस्ता अडेल. तो दुसरा टेम्पो खाली निघालाय, त्याच्यामागे हळूहळू उतरा, खाली गॅरेज आहे." मी म्हणालो, "साहेब, ती नवीन आहे, रात्र आहे, घाट आहे..." तो म्हणाला, "मग तुम्ही चालत या."

आईला म्हटलं, तू मागे जा. ती म्हणाली, "मी पट्टा लावलाय, आता उठत नाही." म्हणजे पिशव्यांत कोण? मी. गुडघे हनुवटीला. बायकोने आरसा नीट केला, दांडी ओढली, लख्ख उजेड, आणि माझा हात मुकाट्याने दोन सीटच्या मधून पुढे. गाडी निघाली. इंजिन ओरडायला लागलं. आणि ती म्हणाली,

"अहो, दुसरा टाका."

अहो! थेट! मधे आई नाही! तुम्हाला सांगतो, अंधारात त्या पिशव्यांमध्ये माझ्या छातीत असं काही भरून आलं... जिंकल्याचा आनंद नाही हो, ते 'अहो' कानावर पडल्याचा. किती बरं वाटलं. आता काहीतरी गोड बोलावं, ते 'छान टाकतेस' म्हणावं, असं मनात आलं आणि तोंडातून काय निघालं?

"हरलीस!"

इंजिन तेवढं ओरडतंय. मग ती समोर बघत म्हणाली, "आई, मागे बसलेल्यांना म्हणावं, दुसरा टाका."

आई सावकाश वळली. "अरे, दुसरा टाक म्हणते ती. आणि टाक बाबा, ती चांगली चालवतेय."

टाकला हो. खर्रर्र झालं, पण टाकला.