गादीखालची चार भोकं

आमच्या पलंगाला हसताय नव्हं? हसा. पण आधी ऐका, मग बसा त्याच्यावर.

नदीकाठच्या एका गावात जुनं घर पाडत होते, तिथनं हे सागवानी दार मी विकत आणलं. खाली पाय जोडून त्याचाच पलंग करायचा, ही आयडिया माझी. केवढा मिरवलो! दाराच्या चारी कोपऱ्यांना भोकं होती. सुतार म्हणाला, "बुजवू का?" मी म्हटलं, "ऱ्हाऊ दे. गादीखाली कोण बघतंय?"

आठवड्यात त्या घरची म्हातारी आमच्याकडं हजर. "आमचं दार बघाय आलोय."

मला वाटलं, आता परत मागतीय. मी आत बोट दाखवलं. बायकोनं चहा टाकला, तोवर म्हातारी थेट बेडरूममधी. "गादी उचला की, पावणं."

उचलली. तिनं एका भोकात बोट घातलं.

"माझ्या ल्योकानं पाडल्यात ही. महापुरात घरात पाणी शिरलं, सुनंचं दिवस भरलेलं, आन् न्यायला नाव काय येईना. त्यानं दार उचकटलं, ह्या भोकांतनं दोर ओवून खाली ट्रॅक्टरच्या ट्यूबा बांधल्या. सुनंला वर झोपवली आन् गावची पोरं पोहत ढकलत घेऊन गेली."

बायको कप घेऊन तशीच हुबी. "मग?"

"मग काय? नातू शाळंला जातोय की."

काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "आक्का, आम्ही बघा, दाराचा पलंग केला."

म्हातारी लाकडावरनं हात फिरवत म्हणाली, "आमी कवाच केलता."