परत करायचं स्टूल

थेरपिस्टबाईंच्या खोलीबाहेर न्हावीकाका चाकांचं स्टूल गुडघ्यांत धरून बसले होते. त्यांचे सांधे धरले तेव्हा बाईंनीच ते बसून काम करायला दिलं होतं. पण बसून केस कापायचे? छे! मागच्या आठवड्यात दुखण्यापायी दुकान चार दिवस बंद राहिलं, आणि गिऱ्हाइकं भलतीकडून उंदराने कुरतडल्यासारखी डोकी करून आली. तरीही काका आज स्टूल परत करणार होते. शेजारच्या बाकावर दोघी बहिणींची जुंपली होती.

“ताई, बाईंनी दिलेलं उंच स्टूल तू वापरतेस का?”

“रोज वापरते.”

“त्यावर चढून माळा आवरतेस!”

“मग? चांगलं भक्कम आहे.”

“अगं, ते बसून भाजी चिरायला दिलंय! अंगातली ताकद संध्याकाळपर्यंत पुरावी म्हणून.”

“ओट्यापाशी बसू? लोक म्हणतील, आळशी झाली.”

“आणि मागे आठ दिवस आडवी होतीस, तेव्हा भाजी कोण चिरत होतं?”

“तुझे भावजी.”

“कशी चिरत होते?”

“विचारू नकोस. लाकडं फोडावीत तशी!”

“मग ठरव. त्यांनी उभ्याने फोडलेली खायची, की तू बसून चिरलेली?”

“…त्याला गादी लावून मिळेल का गं?”

बाईंनी दार उघडलं.

“या काका. स्टूल परत करायचंय म्हणालात ना फोनवर?”

“परत? छे हो! हे खाली-वर कसं करायचं, तेवढं दाखवा. काही गिऱ्हाइकं फारच बुटकी असतात.”