म्युच्युअल फ्रेंड : एक

न्हाय गं समरा, चुकून न्हाय आली ती रिक्वेस्ट, मीच पाठवलीय सकाळी — 'प्रभा कडक भाकरी' म्हणून दिसत आसंल बघ, तव्याचा फोटू हाय — घे की, नुसतं दाबायचं, आन् काय — आन् बस तितं, कुटं पळायलीस, भाकरी गार झाल्याबिगर बांधत न्हाय मी, गरम भरली की घाम सुटून मऊ पडती, मग तुझी अम्मी म्हणंल निवेदिताच्या आईचा हात बिघडला. का बघायलीस अशी? घेऊ का नको, आसं व्हय? बरोबर हाय तुझं. माझ्या मोबाइलात काय काय घुसलतं ते निवीनं सांगितलं आसंल तुला, कॉलेजात तुमी दोघी एका बाकड्यावरच्या. न्हाय सांगितलं? काहीच? खरं सांगायलीस न्हवं? बरं.

निवीनंच उघडून दिलतं खातं, अकलूजला डेअरीत नोकरीवर जायच्या आदल्या दिवशी. हितंच बसून, तू बसलीस तितं. म्हणली, आई, तुला कोण रिक्वेस्ट पाठवू शकतं तितं मी 'सगळे' ठेवायलीय, गिऱ्हाईक यायचं म्हणून — पण नीट बघून घे, दिसला माणूस की घेतला आसं करू नको. तिचं सोताचं मातर 'मित्रांचे मित्र'. म्हंजे ओळखीतल्या कुणाचा तरी ओळखीचा आसंल तरच तिला रिक्वेस्ट जाणार, न्हायतर ते बटणच दिसायचं न्हाय. शानी हाय पोरगी. आन् मी 'सगळे' — मग आले की सगळे! शी, काय माणसं गं ही, पन्नाशीची, साठीची, नातवाला मांडीवर घेऊन फोटू काढलेला आन् मला लिवतोय 'हाय डियर'. एकानं बनियनवर बसून व्हिडिओ कॉल लावला, भरदुपारी, मला वाटलं लग्नाची ऑर्डर हाय — पिठाच्या हातानं उचलला आन् तसाच मोबाइल पालथा टाकला परातीत. देवाचा फोटू लावत्यात, खाली सुविचार लिवत्यात, आन् आत इनबॉक्सात बघावं तर ओकारी यावी. हात धुतला तरी घाण वाटतंय. मी भाकरीचा फोटू टाकते तर त्याच्याखाली म्हणतोय, हात लई मऊ आसत्याल तुमचे. भाकरी बघ की मुडद्या! तव्यावरनं निघालीय ती!

हसू नको गं. मी बी हसायची आदी. निवीला फोनवर सांगायची, ती तिकडनं शिव्या घालायची, मग दोघी हसायचो. तवा लई बोलायची माझ्याशी.

तो महिपती तसा न्हवता. म्हंजे वाटला न्हाय. अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर हाय म्हणला, एकदा पन्नास भाकऱ्या नेल्या, पैसे रोख, मान खाली घालून बोलला. मग त्याची रिक्वेस्ट आली आन् ती चुकून घेतली गेली, पिठाचं बोट लागलं. चालतंय, गिऱ्हाईक हाय, म्हणलं. तर रोज दुपारी एक वाजता, अगदी भोंगा झाल्यावानी — 'वहिनी, जेवलात का?' बास, एवढंच. हाय न्हाय, डियर न्हाय. जेवलात का. मी लिवायची, व्हय. जेवलेली नसायची, पर व्हय लिवायची. समरा, तुला कळायचं न्हाय अजून, सकाळपास्नं दीडशे भाकऱ्या थापून मानसाला भूक कुटं ऱ्हातीय — आन् आमचे हे येणार, ताट वाढलेलं आसणार, खाणार, हात धुणार. वाईट न्हायत, कवा हात न्हाय उगारला. पर चोवीस वर्सांत येकदा… जाऊ दे. तू त्यांच्यापुढं बोलू नको हे.

बोट बिट काय लागलं न्हाय गं. मीच घेतलं त्याला. हात धुऊन, पुसून, चष्मा लावून घेतलं.

मग काय, दोन अक्षरं लिवता लिवता आज भाजी काय केली, कंबर कशी दुखती, निवी कुटं हाय, तिचं नाव, तिची डेअरी, दुधाचं फॅट तपासायचं काम करती — सगळं मीच सांगितलं. यडी मी! एक दिवस ऑर्डर रद्द झाली, जीव खट्टू झालता, तर लिवून बसले, 'तुमी सोडून कुणी विचारत न्हाय.' आन् त्यानं काय केलं? ते पाच शब्द न्हवते गं, घास होता त्याच्या हातात. निवीच्या नावापुढं त्याला आता बटण दिसत होतं की! 'मित्रांचे मित्र' — आन् मधली मैत्रीण कोण? मी. तिला रिक्वेस्ट गेली, खाली लिवलेलं, म्युच्युअल फ्रेंड एक, आन् माझा फोटू. तिनं घेतला. का घेणार न्हाय? आईचं गिऱ्हाईक वाटलं तिला. आईचं नाव बघून दार उघडलं लेकरानं.

काय पाठवलं त्यानं ते तुला सांगत न्हाय. तू पोरगी हायस. मी एक फोटू बघितला आन् न्हाणीत जाऊन उलटी केली, तीन दिवस पीठ हातात घेववंना. पर त्याच्यापेक्षा घाण दुसरंच हाय. त्यानं माझं लिवलेलं तिला दावलं. 'तुमी सोडून कुणी विचारत न्हाय' — ते. आन् खाली म्हणतोय, तुझी आई एवढी मोकळी हाय, तू का भाव खायलीस? तिचा फोन आला. रडली न्हाय. म्हणली, "आई, तू ह्याला घेतलंस म्हणून तो माझ्यापर्यंत आला." मी म्हणलं, निवी, बोट लागलं गं. ती म्हणली, मी वाचलंय.

त्याला तिनं ब्लॉक केलं. मला ब्लॉक न्हाय, मला नुसतं मित्रांतनं काढलं. चार म्हैने झाले. फोन करते मी, हो, न्हाय, बरी हाय, ठेवते. आदी फोटू तरी दिसायचा — नवा ड्रेस घातला, मेसची भाजी आसली कसली, वाळलीय का भरलीय — आता नाव टाकलं की कुलूप. रिक्वेस्ट पाठवावी म्हणलं तर बटणच न्हाय. म्या जलम दिलेल्या लेकराच्या नावापुढं मला बटण न्हाय! मीबी आता 'मित्रांचे मित्र' करून टाकलंय, निम्म्या ऑर्डरी गेल्या, जाऊ दे. पर आमचं दोघींचं मधलं कुणीच ऱ्हायलं न्हाय. मावश्या, आत्या, कुणाला तिनं घेतलेलं न्हाय. तू हायस फक्त. तू मला घेतलंस की झालं बघ, तुझं नाव मधी येतंय, बटण दिसतंय. मग ती घेऊ दे न घेऊ दे, तिचं तिनं बघावं. दाब की गं. एवढंसं काम. दाब.

काय म्हणलीस?

तिला विचारून घेतेस. व्हय. …विचारून.

त्यानं मला विचारलं न्हवतं, लेकीकडं जाऊ का म्हणून. मला दाबलं आन् गेला. आन् मी सकाळपास्नं तुझ्या अम्मीच्या भाकऱ्या मुद्दाम गार करत बसलेय — कवाच्या गार झाल्यात त्या, बघ, दगड झाल्यात — तुला हितं बसवून घ्यायला. शी. शी गं समरा. त्याच वाटेनं निघालते की मी. आई आसून.

नको. नको घेऊस. दे हिकडं, कुटं असतंय ते रद्द करायचं, तूच कर. झालं? गेली? बरं. हे घे पार्सल, शेंगाचटणी वर ठेवलीय, दाबू नको. आन् तिला काय सांगू नको हं मी विचारत होते म्हणून. …न्हाय, सांग. आईनं पाठवलेली रिक्वेस्ट आईनंच माघारी घेतली, एवढंच सांग. ऊठ आता. जा.