दादाला आलेली उत्तरं

तुम्हाला सांगतो, दादा टायफॉईडनं गेला आणि महिन्याभरानं त्याला परदेशातल्या विद्यापीठांची उत्तरं आली. मेल्यावर सगळ्यांना हवासा झाला! मी सातवी नापास, म्हणून पत्रं वाडीच्या गोदामातल्या कारकुनाकडे, वासूकडे नेली.

"इंग्लंडवाले म्हणतात, तुमचं नागपूरचं एम.ए. आम्ही बी.ए. धरू."

"त्याईचं बी.ए. आम्ही चौथी धरू. पुढं वाच."

"ऑस्ट्रेलियावाले म्हणतात, दिलेल्या तारखेले हजर व्हा, नाही तं जागा गेली."

"जाऊ दे."

"अमेरिकावाले भले आहेत गा. अडचण असेल तं कळवा म्हणतात, वर्षभर जागा राखून ठेवतो."

"मंग कळव त्याईले!"

वासूनं टाइपरायटरला कागद लावला.

"अडचण काय लिहू?"

"लिही, लहान भाऊ जाऊ देऊन नाही राहिला."