साळिंदराच्या बिळातल्या माश्या

माश्यांपायी माणूस गेलेला ऐकलाय का कुणी? मी बघितलाय.

निजामी जाऊन थोडी वर्षं झाली होती. मी कॉलेजात होतो. आमचे सर साळिंदराच्या बिळातल्या बारीक माश्या गोळा करायला मला तामलवाडीला घेऊन गेले. बीळ ज्याच्या शेतात होतं तो मल्लाप्पा म्हणाला, “सर, तुमी नका वाकू. म्या काढतो.”

तो कमरेपर्यंत आत शिरला. माश्या भरलेली बाटली त्यानं हात मागं करून सरांकडं दिली, अन् तेवढ्यात वरची दरड त्याच्यावर बसली. आम्ही हातानं माती उपसली, पाय धरून ओढलं. बाहेर आला तेव्हा श्वास नव्हता.

त्याची बायको नागव्वा धावत आली. पदरानं त्याच्या तोंडावरची माती पुसत तिनं विचारलं, “मास्तर, ह्ये आत कशापायी गेले?”

सरांनी बाटली पुढं केली. “बाई, एकाच बिळात काही माश्यांचे पंख लांब असतात, काहींचे आखूड. असं का, ते शोधायचं होतं.”

नागव्वा बाटलीकडं बघत राहिली. मग म्हणाली, “कळलं का?”

सर म्हणाले, “नाही.”